उभा ऊस

आडसाली ऊस श्रावणात लावतात आणि पुढच्या साली दिवाळी उलटली की तो तोडणीला येतो. आमच्या दीड एकराची ती लागण झाली तेव्हा मी त्या घरात नवी होते. पदर कमरेला खोचून सरीत कसं उतरायचं, हे सासूबाईंनी मला त्या लागणीत दाखवलं. ऊस तोडणीला आला तेव्हा माझी थोरली अंगणात रांगत होती आणि हाताला लागेल तो पाचटाचा तुकडा तोंडात घालत होती.

माझं माहेर पारनेरकडचं. तिकडं बाजरी, हुलगा, मटकी. आभाळ देईल ते घ्यायचं, न दिलं तर आभाळालाच बोल लावायचा. पाणी माणसाच्या हातात असतं, पाटाचं दार उचललं की येतं आणि टाकलं की थांबतं, हे मी सासरी येऊन पाहिलं. सुरुवातीला मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

सासऱ्यांचं नाव सहादेव. गाव त्यांना नाना म्हणे, मी मामंजी. सासूबाई गोजरबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. माझे मालक भीमा, हे त्यांचे एकुलते. अंगापिंडानं सासऱ्यांसारखेच, पण बोलायला त्यांच्याहून तापट.

कारखाना घरापासून कोसावर होता. हंगामात त्याच्या भोंग्यावर आमचं उठणं, जेवणं, जनावरं सोडणं चालायचं. वारा तिकडून आला की मळीचा आंबूस वास घरभर व्हायचा. मी नाकाला पदर लावायची. मामंजींना मात्र तो वास आवडायचा. कारखान्याचा पाया भरला तेव्हा दगड त्यांनी आपल्या गाडीबैलानं वाहिला होता, फुकट. आप्पासाहेब तेव्हा नुसते आप्पा होते. दोघं एका गाडीवर बसून गावोगाव सभासद करत हिंडले होते. पुढं आप्पा कारखान्याचे संचालक झाले, मग सोसायटीचे चेअरमन, मग पाटाच्या पाण्याच्या कमिटीवर गेले. त्यांच्या नावाला साहेब लागलं. मामंजी मात्र त्यांना आप्पाच म्हणत, आणि तेही ते चालवून घेत.

एकाहत्तर सालच्या भाद्रपदात कारखान्याची वार्षिक सभा झाली. बायका सभेला जात नसत. संध्याकाळी आमचे हे घरी आले ते पायही न धुता चुलीपाशी येऊन बसले.

“आई, नानांनी आज काय केलं ठावं हाय का? भर सभेत उठलं.”

“आन् काय म्हनलं?” आत्याबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

“म्हनलं, तोडीचा नंबर लागनीच्या तारखेवर लागतो का मान्सं बघून लागतो? आमच्या गनीचा ऊस चैत्रापातूर का उभा ऱ्हायला, त्याचं उत्तर पायजे.”

गनीभाई आमचे शेजारी. बांधाला बांध, विहीर दोघांत एक, इंजिनही दोघांत. आदल्या साली त्यांचा ऊस उभ्याउभ्या वाळून निम्मा गेला होता. असं का झालं, ते गावात कुणीच सांगत नव्हतं आणि सगळ्यांनाच माहीत होतं. गनीभाईंचा मेहुणा पुणतांब्याला असायचा, त्यानं तिकडं दुसऱ्या पार्टीचा झेंडा धरला होता.

“मग? आप्पा काय म्हनलं?”

“हसलं. म्हनलं, सहादेव आमचा जुना गडी हाय, त्याचं म्हननं रास्त हाय, नोंद घ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आन् बुंदी खायाला पळालं.”

तेवढ्यात मामंजी आले, त्यांच्या मागून गनीभाई. गनीभाई उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवे बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“नाना, तुमी कशाला उठलाव? मी सोसलं हुतं की गप.”

“तू सोसलं. माझ्यानं बघवलं न्हाई.”

“पन भर सभंत...”

“कारखाना कुनाचा हाय, गनी? तुजा न् माजा. मंग आपल्या घरात बोलायाला भ्यायाचं व्हय?”

“आपल्या घरात तरी कुटं समदं बोलता,” आत्याबाई तव्याकडं बघून म्हणाल्या. गनीभाई तेवढे हसले.

दसऱ्यानंतर कारखान्याचा बॉयलर पेटला. पाथर्डीकडच्या, बीडकडच्या तोडकऱ्यांच्या टोळ्या आल्या. ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. आमच्या शिवारात पहिली तोड लागली ती गनीभाईंना, त्यांच्या दुसऱ्या तुकड्यातल्या उसाला. म्हणजे नोंद खरोखरच घेतली होती.

मामंजींना आनंद झाला. ते स्वतः गनीभाईंच्या फडात जाऊन उभे राहिले. तोडकऱ्यांना आमच्या विहिरीचं पाणी त्यांनीच नेऊन दिलं. घरी येऊन म्हणाले, “बघ. बोलल्याबिगर काय होत न्हाई.” लागणीच्या तारखेनं त्यानंतर नंबर आमचा होता. आत्याबाईंनी वाढे ठेवायला गोठ्यामागची जागा झाडून घेतली. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोडीच्या दिवसांत जनावरांना तोच चारा.

गनीभाईंचा फड संपला. टोळीनं कोयते खांद्यावर टाकले, बायांनी लेकरं काखेला मारली, आणि सगळी टोळी आमच्या उसाच्या कडेनं, आमच्याच बांधावरून चालत पुढच्या शिवारात गेली. आम्ही चौघं बांधावर उभे होतो. एक म्हातारी तोडकरीण मला म्हणाली, “पोरी, ऊस ब्येस हाय गं तुमचा.” आणि तीही गेली.

त्या संध्याकाळी गनीभाईंच्या घरच्या मुबारकबी डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन आल्या. गोठ्यात टाकला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“बस की, मुबारक,” आत्याबाई म्हणाल्या.

“नको माय. ह्यांनी तोंड दावायाचं न्हाई म्हनून मला धाडलं.”

“त्यात तुमचा काय गुन्हा?”

“तेच म्हनते मी. गुन्हा न्हाई, तरी लाज वाटतीया.”

त्या हंगामात आमच्या बैलांनी लोकांचेच वाढे खाल्ले. कधी मुबारकबी आणून देत, कधी मी तोडकऱ्यांच्या कोप्यांवर जाऊन मागून आणी. दीड एकर ऊस दारात उभा आणि मी डोक्यावर लोकांच्या शेंड्यांचा भारा घेऊन वाटेनं यायची. समोरून कुणी भेटलं की विचारायचं, “काय गं, तोड न्हाई आली अजून?” भारा डोक्यावर असला की मान हलवता येत नाही, हे बरं होतं.

तोडीच्या चिठ्ठ्या छगन आणायचा. कारखान्याचा चिटबॉय. नावाला बॉय, पण चार लेकरांचा बाप होता, मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. सायकलवरून येताना दिसला की मामंजी बांधाकडं जायचे.

“छगन, आमचं कसं?”

“येईल की नाना. पाळी लागली की येईल.”

“पाळी तर मागंच लागली. वरल्या वस्तीची लागन आमच्यामागं म्हैन्यानं झाली. त्यांचा ऊस गेला.”

“आता मी काय सांगू? टरका कमी हायेत. लढाईला गेल्यात.”

मार्गशीर्षात खरंच लढाई लागली होती. चावडीवरच्या रेडिओपाशी माणसं गोळा व्हायची. लढाई लवकर आटोपली, लोकांनी पेढे वाटले. मग छगन म्हणू लागला, इलेक्शन हाय. विधानसभेच्या जीपा धुरळा उडवत फिरू लागल्या. इलेक्शन झालं. मग छगन म्हणाला, मळीची टाकी भरलीय, दोन दिस कारखाना बंद हाय. आमचे हे एकदा त्याच्या सायकलचा हँडल धरून उभे राहिले.

“छगन, खरं काय ते बोल. आमी काय कुनाची म्हैस चोरली?”

छगननं इकडंतिकडं पाहिलं. “भीमा, हँडल सोड. माज्या हातात चिट्टी हाय, नंबर न्हाई. नंबर कुटं हाय ते तुला ठावं हाय.”

ह्यांनी हँडल सोडला. छगन थोडा पुढं गेला, पाय टेकवून थांबला आणि मागं वळून म्हणाला, “चहा राहिला तुज्याकडं.” त्यालाही वाईट वाटत असावं.

त्या साली पाऊस कमीच झाला होता. पाटाचं पाणी लांबलांबून यायचं. दोन वेळा आमच्या बारीच्या दिवशी पाटकऱ्यानं दार वरच्या अंगाला उघडलं आणि आमच्या चारीत नुसता गाळ ओला झाला. विहिरीवर इंजिन लावलं की थोड्या वेळात ते कोरडं खाकरायला लागायचं. मग पाणी साचायची वाट बघत बसायचं. उभा ऊस म्हणजे पाणी पीतच राहणार. त्याला पाजायचं तर गव्हाला मिळेना. माघात मामंजींनी गहू सोडून दिला. हिरवा गहू आमच्या दोन बैलांनी आणि गनीभाईंच्या म्हशीनं चार दिवसांत खाल्ला.

ह्यांचं आणि माझं सगळं बळ त्या उसाखाली जाऊ लागलं. वाळलेलं पाचट ओढून काढायचं, उंदरांनी कुरतडलेला ऊस वेगळा करायचा, आडवा झालेला बांधायचा. उसाचं पान हाताला करवतीसारखं लागतं. रात्री लेकीला दूध पाजताना माझ्या बोटांची चरचर व्हायची आणि तिच्या गालालाही माझे हात टोचायचे, मग ती तोंड फिरवायची.

मग उसाला तुरे आले. मी असं कधी पाहिलं नव्हतं. सबंध रान वर चंदेरी झालं, वाऱ्यानं हलायला लागलं. मी आत्याबाईंना म्हटलं, “किती छान दिसतंय!”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत. “त्याचे क्येस पिकले, राही,” म्हणाल्या. “आता आतून भुसा व्हनार.”

एक ऊस मोडून त्यांनी मला दाखवला. मधोमध पांढरी पोकळ शीर पडली होती.

आप्पासाहेबांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. फाल्गुनात त्यांच्या वाड्यावर पापड, कुरडया, सांडगे सुरू झाले. त्यांच्या घरच्या मालनबाई बोलावणं कुणाला पाठवत नसत. ज्यांना जायचं त्या बाया आपल्या आपण जात. कुणाच्या उसाची तोड राहिलेली असे, कुणाची पाण्याची बारी, कुणाच्या पोराला कारखान्यात चिकटवायचं असे. पण तिथं कुणी त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, ही रीत होती. दिवसभर लाटायचं. मालनबाई फिरत फिरत प्रत्येकीपाशी थांबत, दोन शब्द बोलत. त्यात त्यांनी एखादीला विचारलं, “तुमचा ऊस गेला का हो?” की समजायचं, झालं काम. दोन दिवसांत टोळी येई. विचारेपर्यंत मात्र वाट बघायची.

आत्याबाई आधी नाही म्हणत होत्या. तुरे दिसल्यावर एके दिवशी सकाळी त्यांनी लाटणं पदरात गुंडाळलं. मला म्हणाल्या, “चल. पोरगी पन घे.”

वाड्याच्या मागच्या सोप्यात वीसेक बाया बसल्या होत्या. उडदाचं पीठ कुटून कुटून हात लाल झालेले. माझी लेक मी पोत्यावर निजवली. आम्ही दुपारपर्यंत लाटत राहिलो. पापड पातळ झाला पाहिजे, खालचा पाट दिसला पाहिजे. आत्याबाईंचा हात चांगला होता. मालनबाई त्यांच्यापाशी आल्या, एक पापड उचलून उजेडाला धरला.

“गोजरबाई, हात बाकी तुमचाच.”

“व्हय, बाईसाहेब.”

मालनबाई माझ्याकडं वळल्या. मी लाटणं थांबवलं. मला वाटलं, आता विचारतील.

“सूनबाईंचं माहेर पारनेरकडचं ना? तिकडं यंदा फार हाल आहेत म्हणे पाण्याचे.”

“हो,” मी म्हटलं.

“तुम्ही नशीबवान हो. पाटाखाली पडलात,” असं म्हणून त्या पुढच्या बाईकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी निघताना मालनबाईंनी आम्हाला सोप्याच्या पायरीशी थांबवलं. लेकीच्या हातात बत्ताशा दिला आणि तिच्याकडंच बघत म्हणाल्या, “सहादेवभाऊ बऱ्याच दिवसांत इकडं फिरकले नाहीत. साहेब परवाच म्हणत होते. म्हणावं, एकदा येऊन जा. आपलंच घर आहे.”

घरी आल्यावर आत्याबाईंनी निरोप जसाच्या तसा सांगितला.

मामंजी दोर वळत होते. पायाच्या अंगठ्यात दोर अडकवलेला. ते वळतच राहिले.

“मी सभासद हाय,” म्हणाले. “माजी लागन त्या तारखेला हाय. माजा ऊस कारखान्याचा हाय. त्यात आप्पाच्या घरी जाऊन म्या काय करायाचं?”

“नाना, नुसतं जाऊन बसा,” हे म्हणाले. “चहा प्या आन् या.”

“चहा आपल्याकडं हाय.”

“मंग ऊस चहात घालून प्या!” हे ओरडले आणि बाहेर निघून गेले. लेक दचकून रडायला लागली. मामंजींनी दोर अंगठ्यातून काढला आणि तिला उचलून घेतलं. बराच वेळ तिला घेऊन अंगणात फिरत होते.

मग एके दिवशी त्यांनीच जाळायचं काढलं.

कारखान्याचा नियम होता. ऊस जळाला तर तो आधी न्यायचा, पाळी नाही, काही नाही, कारण जळका ऊस टिकत नाही. वजनात कपात धरतात, पण नेतात. अडलेली माणसं कधीकधी आपल्याच हातानं काडी लावत आणि सांगत, विजेच्या तारेची ठिणगी पडली. कारखान्यालाही ते ठाऊक असे.

“नियम हाय ना?” मामंजी गनीभाईंना म्हणाले. “मंग नियमानंच नेऊ दे.”

“नाना, नियम असतो. पन...”

“पन काय?”

गनीभाई उठून गेले आणि बारदानाची ओली पोती घेऊन आले. त्यांच्या तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडवा पलीकडं फुटत होता. ह्यांनी आणि त्यांनी मिळून दोन्हीकडून पाचट ओढून मोकळा पट्टा केला. वारं पडलेलं सकाळचं. मामंजी घरी आले, मला म्हणाले, “सूनबाई, चुलीतलं कोलीत दे.”

मी चिमट्यात धरून दिलं. त्यांनी ते पाचटाच्या चुड्यात घातलं, फुंकलं आणि सरीच्या तोंडाशी ठेवलं.

पेटलेल्या उसाचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. लग्नात फटाके उडतात तसं तडतड, आणि त्याच्याखाली एक मोठा श्वास. उंदीर, मुंगसं, एक सशीण पट्ट्यावरून पळाली. वरून काळ्या पानांच्या चिंध्या पडत होत्या. माझ्या भाकरीच्या पिठात पडल्या, लेकीच्या केसांत पडल्या. आत्याबाई गोठ्यात बैलांच्या डोळ्यांवर हात ठेवून उभ्या होत्या. थोड्या वेळात सगळं विझलं. पाचट जळालं. ऊस तसाच उभा होता, काळा.

दुपारी छगन आला, सोबत कारखान्याच्या शेतकी खात्याचा एक माणूस. त्या माणसानं लिहायला पेन काढलं.

“कसा पेटला?”

छगन मामंजींकडं बघत पटकन म्हणाला, “ती तार गेलीया बघा वरून.”

“तारंनं न्हाई,” मामंजी म्हणाले. “मी पेटवला.”

हे डोक्याला हात लावून बांधावर बसले. छगन कळवळून म्हणाला, “नाना, असं न्हाई सांगायाचं. ठिनगी म्हना. समदे ठिनगीच म्हनत्यात.”

“माजं रान, माजा ऊस, माजी काडी. ठिनगीवर कशाला आळ?”

शेतकीच्या माणसानं लिहिलं. पेन खिशाला लावलं आणि गेला.

नियमाप्रमाणं दुसऱ्या दिवशी टोळी यायला हवी होती. आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ऊन चढू लागलं की उसाला वास सुटायचा, आंबल्यासारखा, ताडीसारखा. माश्या घोंगावत होत्या. आमच्या ह्यांनी कारखान्यावर दोन चकरा मारल्या. तिथं त्यांना सांगितलं, स्वतः जाळलेल्या उसाचं काय करायचं ते मीटिंगमध्ये ठरेल. मीटिंग कधी, ते कुणी सांगेना. मामंजी सकाळपासून रानात जाऊन बसायचे. हात लावला तर हाताला काजळी आणि चिकटा यायचा. हात धोतराला पुसायचे. ते धोतर मी रोज धुवायची आणि रोज पाणी काळं निघायचं.

पुढं एका सकाळी आत्याबाईंनी पेटीतलं धुवट धोतर काढलं, नेहरू शर्ट काढला, टोपी काढली. सगळं बाजेवर ठेवलं. मामंजी तिथंच बसून तंबाखू मळत होते. आत्याबाईंनी लाटणं घेतलं, मला हाक मारली, आणि आम्ही वाड्याकडं निघालो.

मागच्या सोप्यातून पुढच्या ओसरीचं दार दिसायचं. मधे चौक. ऊन चांगलंच वर आलं होतं तेव्हा दारातून मला आधी पांढरं धोतर दिसलं. मामंजी चौकाच्या कडेला वहाणा काढत होते. ओसरीवर दहा-पंधरा माणसं ताटकळत बसली होती. आप्पासाहेब कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी मामंजींना पाहिलं, आणि बोलणं तोडून स्वतः उठून पायरीपर्यंत आले.

“अरे, सहादेव! ये, ये. कुठं होतास? किती दिवसांनी!” त्यांनी मामंजींच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांसमोर त्यांना स्वतःच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. “चहा आणा रे. साखर जास्त घाला, हा आपला जुना गडी आहे. कारखान्याचा पाया ह्यानं भरलाय.”

सोप्यातल्या सगळ्या बायांची लाटणी थांबली होती. आत्याबाईंचं लाटणं मात्र चालू होतं.

चहा आला. मामंजींनी तो बशीत ओतला, पण बशी उचलली नाही. आप्पासाहेब गप्प बसले. ओसरीवरचीही सगळी गप्प बसली. सगळे वाट बघत होते. घाई कुणालाच नव्हती.

“तेवढं बघा,” मामंजी म्हणाले.

“काय, सहादेव?”

“उसाचं. तेवढं बघा... साहेब.”

“एवढंच ना! आधी नाही का यायचं? आपल्या माणसानं निरोपाची वाट बघत बसायचं असतं का?” आप्पासाहेब हसले, मोकळं हसले. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन. त्यांनी कुणाला तरी हाक मारून सांगितलं, “सहादेवच्या फडात आजच टोळी लावा.”

मामंजींनी मग चहा प्यायला.

मालनबाई आमच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. “तुमचा ऊस गेला का हो, गोजरबाई?” त्यांनी विचारलं.

“जाईल आता,” आत्याबाई म्हणाल्या.

टोळी दुपारीच आली. जळक्या उसाला सोलायचं काम नसतं, त्यामुळं कोयते भराभर चालले. तोडकऱ्यांची तोंडं काजळीनं अशी झाली की दात तेवढे दिसायचे. बाप्ये एकमेकांना बघून हसत होते. मोळी उचलली की बाई आधी वर पाहायची, कारण वजन अंगाला जाणवायचंच नाही. भरल्या गाड्या आमच्या अंगणावरून गेल्या आणि चाकं मऊ मातीतही रुतली नाहीत. वाढे जळून गेले होते. गोठ्यामागची झाडलेली जागा तशीच राहिली. हे शेवटच्या गाडीबरोबर कारखान्यावर गेले. वजनकाट्यापाशी रांग होती. परत आले तेव्हा मामंजींनी काही विचारलं नाही आणि ह्यांनीही काही सांगितलं नाही. दोघं एका ताटाशेजारी दुसरं ताट घेऊन जेवले. मला वाटतं, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सकाळी आत्याबाईंनी पुन्हा लाटणं पदरात गुंडाळलं.

“आता कशाला जायचं, आत्याबाई? झालं की आपलं काम.”

“पुढल्या साली लागन हाय का न्हाई?” त्या म्हणाल्या. “आन् कुरडया अर्ध्या राहिल्यात. बाईमान्सानं काम अर्धं टाकून येऊ न्हाई.”

आम्ही गेलो. आमच्या शेजारी त्या दिवशी वरल्या अंगाची रंगुबाई बसली होती. तिचा खोडवा उभा होता आणि ती चार-पाच दिवस येत होती. मालनबाई दोनदा तिच्यापाशी थांबून पुढं गेल्या होत्या. दुपारी ऊन सोप्यात आलं, बाया पाट घेऊन सावलीला सरकल्या. रंगुबाई सरकत सरकत आत्याबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. आवाज खाली केला.

“गोजरबाई, तुमी कसं केलं ओ? मला रोज वाटतं, आज इचारतील, आज इचारतील.”

“तुजं काम न्हाई ते. घरच्याला धाड.”

“ते न्हाई यायाचे. लई ताठ हाय माजा मालक. मेलं तरी न्हाई यायाचे.”

आत्याबाईंनी पीठ लावून लाटी पाटावर ठेवली.

“येत्यात,” त्या म्हणाल्या, आणि लाटायला लागल्या.